व्होल्टेज आणि करंटवरून रेझिस्टन्स व वॅट कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात आमचं मोटर रिवायंडिंगचं (जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं) दुकान आहे. गिऱ्हाइकं बहुतेक केळीवाली. प्रश्न पाठवणारे त्यांचेच मुलगे-पुतणे, आणि शिवाय आयटीआयची पोरं. मोबाईलवर तेच तेच उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. सोप्यापासून अवघडाकडे क्रम लावला आहे. फक्त मोटरीचं पाहिजे असेल त्यांनी प्रश्न ११ पासून वाचलं तरी चालेल, मात्र प्रश्न ७ टाळू नका. निम्म्या चुका तिथल्या आहेत.

१. व्होल्ट आणि अँपिअर माहीत आहेत. रेझिस्टन्स आणि वॅट कसे काढायचे?

भागाकार केला की रेझिस्टन्स, गुणाकार केला की वॅट.

रेझिस्टन्स (ओम) = व्होल्ट ÷ अँपिअर
पॉवर (वॅट) = व्होल्ट × अँपिअर

आमच्या घरच्या गिझरवर मोजलेले आकडे घेऊ. गिझर चालू असताना २१८ व्होल्ट, ८.२ अँपिअर. २१८ ÷ ८.२ = २६.६ ओम. २१८ × ८.२ = १,७८८ वॅट. झालं.

अट एकच: दोन्ही आकडे एकाच वेळचे आणि लोड चालू असतानाचे हवेत. गिझर बंद असताना त्याच प्लगवर २२६ व्होल्ट दिसत होते. तो आकडा धरला असता तर पॉवर १,८५३ वॅट आली असती, म्हणजे ६५ वॅट हवेतले. लोड पडला की व्होल्टेज थोडं बसतंच, कारण वायरिंगलाही स्वतःचा रेझिस्टन्स असतो (प्रश्न १५).

हा सरळ हिशेब गिझर, इस्त्री, शेगडी, पाणी तापवायचा रॉड अशा नुसत्या तापणाऱ्या वस्तूंना लागू. मोटर, एलईडी, चार्जर यांना जसाच्या तसा लावू नका.

२. पुस्तकात पॉवरची तीन सूत्रं आहेत. नेमकं कोणतं वापरायचं?

तिन्ही एकच आहेत. जे दोन आकडे हातात असतील त्यांचं सूत्र उचलायचं.

व्होल्ट आणि अँपिअर असतील तर त्यांचा गुणाकार. अँपिअर आणि ओम असतील तर अँपिअर × अँपिअर × ओम. व्होल्ट आणि ओम असतील तर व्होल्ट × व्होल्ट ÷ ओम. वरच्या गिझरवर ताडून बघा: ८.२ × ८.२ × २६.६ = १,७८९ आणि २१८ × २१८ ÷ २६.६ = १,७८७. एखाद-दुसऱ्या वॅटचा फरक २६.५८५ चे २६.६ केल्यामुळे पडला.

पाठ्यपुस्तकातले विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हणजे आपले व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्सच. व्होल्टेज-करंटचं नातं जॉर्ज ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये छापलं. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते हे जेम्स ज्यूलने १८४० च्या सुमारास मोजून दाखवलं. क्लासमध्ये त्रिकोण काढून, एक अक्षर बोटाने झाकून सूत्र काढायची युक्ती शिकवतात. माझं मत विचाराल तर त्या त्रिकोणाने पोरांचं नुकसानच केलं आहे. परीक्षेत मार्क मिळतात, पण दुकानात मीटर हातात दिला की झाकायचं काय तेच कळत नाही.

३. माझं उत्तर हजारपटीने चुकतं. कुठे गडबड होते?

मिली आणि किलोमध्ये. ९ व्होल्टची बॅटरी, १.५ किलोओमचा रेझिस्टर. पोरं ९ ÷ १.५ करतात आणि ६ अँपिअर लिहून मोकळी होतात. त्या चौकोनी बॅटरीतून ६ अँपिअर निघाले असते तर तिच्यावर पंप चालवला असता आपण! १.५ किलोओम म्हणजे १,५०० ओम. ९ ÷ १,५०० = ०.००६ अँपिअर, म्हणजे ६ मिलिअँपिअर. व्होल्टला किलोओमने भागलं की उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येतं, एवढं डोक्यात ठेवा.

४. करंट मोजायचा कसा? मल्टिमीटर लावला की फ्यूज उडतो.

कारण तुम्ही अँपिअरवर ठेवलेला मीटर प्लगच्या दोन भोकांत घातला. व्होल्टेज दोन टोकांवर आडवं मोजतात. करंट मोजायला मीटर वाटेत, म्हणजे वायर तोडून मध्ये घालावा लागतो. अँपिअरच्या सेटिंगला मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स नगण्य असतो, त्यामुळे तो प्लगमध्ये घालणं म्हणजे सरळ शॉर्ट करणं. फ्यूज उडाला तर नशीब समजा. स्वस्तातल्या काही मीटरांना १० अँपिअरच्या भोकावर फ्यूजच नसतो.

घरच्या २३० व्होल्टवर टाँग टेस्टर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर, वापरा. जबड्यात एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडल्या की जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खातात आणि मीटर शून्य दाखवतो. दर आठवड्याला कुणीतरी ‘टाँग टेस्टर बिघडला’ म्हणून आणतो आणि तो असा निघतो. करंट फारच कमी असेल तर त्याच वायरचे जबड्यातून दहा वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा.

रेझिस्टन्स मोजताना मात्र पुरवठा पूर्ण बंद, प्लग बाहेर, कंडेन्सर असेल तर तो रिकामा केलेला. आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवा. ०.३ वगैरे दिसेल, तो वायरींचा आणि टोकांचा असतो. मोटरच्या वायंडिंगसारखे लहान आकडे मोजताना तो वजा करायचा.

५. गिझरच्या प्लेटवर २००० वॅट आहे, पण हिशेबात कमी येतात. गिझर खराब आहे का?

नाही. प्लेटवरचे २००० वॅट २३० व्होल्टला आहेत. त्यावरून रेझिस्टन्स काढा: २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओम. प्रश्न १ मध्ये मोजून २६.६ आला होता, म्हणजे कॉइल ठणठणीत आहे. व्होल्टेज मात्र २१८ होतं.

तापणाऱ्या वस्तूचा रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घसरते. व्होल्टेज १० टक्के कमी, तर पॉवर १९ टक्के कमी. संध्याकाळी गावात १८० व्होल्ट येतात तेव्हा १८० × १८० ÷ २६.४५ = १,२२५ वॅट. २००० चा गिझर सव्वाबाराशेचा झाला. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला पूर्ण व्होल्टेजला सुमारे १६ मिनिटं लागतात, १८० ला सुमारे २६ मिनिटं. पाणी तापत नाही म्हणून कॉइल बदलण्याआधी व्होल्टेज मोजा.

६. मग कमी व्होल्टेजला बिल कमी येतं का?

वॅट म्हणजे वीज खायचा वेग, युनिट म्हणजे एकूण किती खाल्ली. १,००० वॅट तासभर चालले की एक युनिट. १,२२५ वॅटचा गिझर पाणी तापवायला जास्त वेळ घेतो, म्हणून बादलीमागे युनिट तेवढेच पडतात. वेळ लांबल्याने टाकीतून जी उष्णता उडते ती उलट वरखर्च.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि कूलरला रात्री सुट्टी नसते. १९० वॅटचा कूलर १४ तास चालला तर १९० × १४ ÷ १,००० = २.६६ युनिट रोज. यात १९० हा प्लेटवरचा आकडा आहे. कूलरवर व्होल्ट × अँपिअर करून वॅट काढू नका. का, ते प्रश्न १३ मध्ये.

७. एक सूत्र म्हणतं रेझिस्टन्स वाढला की उष्णता वाढते, दुसरं म्हणतं कमी होते. खरं कोणतं?

दोन्ही. तुम्ही काय स्थिर धरलंय यावर ते ठरतं.

व्होल्टेज स्थिर असेल, म्हणजे वस्तू थेट प्लगला लावली असेल, तर व्होल्ट × व्होल्ट ÷ ओम हे सूत्र विचार करायला बरं. रेझिस्टन्स कमी केला की पॉवर वाढते. म्हणूनच २००० वॅटच्या गिझरचा रेझिस्टन्स २६ ओम आणि १,००० वॅटच्या इस्त्रीचा जवळपास ५३.

करंट दुसऱ्या कुणी ठरवला असेल तर अँपिअर × अँपिअर × ओम. आता एक ढिला जोड डोळ्यापुढे आणा. गिझर ८.७ अँपिअर ओढतोय आणि प्लगच्या मागे स्क्रू ढिला असल्याने तिथे अर्धा ओम तयार झालाय. करंट ठरवतोय गिझर, कारण २६ ओमांपुढे अर्ध्या ओमाचं काय चालणार? मग त्या स्क्रूवर ८.७ × ८.७ × ०.५ = सुमारे ३८ वॅट. सोल्डरिंग गनएवढी उष्णता, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. आधी प्लग कोमट लागतो, मग भोकाभोवती पिवळा डाग पडतो, मग प्लास्टिकचा वास येतो. त्या जोडाचा रेझिस्टन्स जितका वाढेल तितका तो अधिक तापतो, आणि तापला की आणखी काळवंडून रेझिस्टन्स आणखी वाढतो. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची वायर नुसती पिळा मारून जोडली की काही महिन्यांत हाच खेळ सुरू होतो.

एमसीबी हे पकडत नाही. करंट ८.७ च आहे, एमसीबी १६ ची. तिच्या दृष्टीने सगळं आलबेल. माझ्या पाहण्यात जळालेले बोर्ड शॉर्टपेक्षा ढिल्या स्क्रूने जास्त जळालेत.

८. शेगडीची कॉइल तुटली, टोकं पिळून परत बसवली. आता ती जास्त लाल होते. असं का?

तुटकी टोकं पिळण्यात कॉइलची लांबी कमी झाली. लांबी कमी म्हणजे रेझिस्टन्स कमी, आणि व्होल्टेज तेच, म्हणून पॉवर जास्त (प्रश्न ७ मधला पहिला प्रकार). १,००० वॅटच्या ५२.९ ओम कॉइलचा पाचवा हिस्सा गेला तर उरतात ४२.३ ओम. २३० × २३० ÷ ४२.३ = १,२५० वॅट, आणि करंट ४.३५ वरून ५.४ अँपिअर.

पावसाळ्यात पापड वाळवायला बरी वाटेल, पण कॉइल तिच्या मापापेक्षा जास्त तापते आणि आठ-पंधरा दिवसांत दुसरीकडे तुटते. पिळ्याच्या जागी तर प्रश्न ७ मधला दुसरा प्रकारही चालू असतो. नवी कॉइल आणा.

९. ६० वॅटच्या जुन्या बल्बचा रेझिस्टन्स मीटरवर ६५ ओम दाखवतो, हिशेबाने ८८२ येतो. मीटर खोटा की सूत्र?

दोन्ही खरे. मीटरने थंड बल्ब मोजला, हिशेबाने पेटलेला. बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तेवढ्यात तिचा रेझिस्टन्स दहा-पंधरापट होतो. म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी करंट साडेतीन अँपिअरपर्यंत उसळतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पाव अँपिअरवर येतो. बल्ब बहुतेकदा लावतानाच का उडायचे, याचं उत्तर इथे आहे.

शेगडी-गिझरमधली नायक्रोमची तार अशी नखरेल नसते. लाल होईपर्यंत तिचा रेझिस्टन्स काही टक्केच हलतो, म्हणून प्रश्न ५ चा हिशेब जमतो.

१०. ९ वॅटच्या एलईडी बल्बचा करंट मोजून गुणाकार केला तर १६ वॅट येतात. मीटरवाले लुटतात का?

नाही. एलईडीच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते सतत सारखा करंट न ओढता झटक्याझटक्याने ओढतं, त्यामुळे व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त दिसतो. खऱ्या वॅटना त्या गुणाकाराने भागलं की जो आकडा येतो त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. घरगुती बिल वॅट-तासांवर येतं, ९ वॅटचे ९ च मोजले जातात.

११. मोटरचं वायंडिंग २.६ ओम दाखवतं. २३० भागिले २.६ म्हणजे ८८ अँपिअर. मग मोटर जळत कशी नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. जो पोरगा हा विचारतो तो पुढे चांगला मिस्त्री होतो.

मल्टिमीटर आपल्या छोट्या बॅटरीचा सरळ डीसी करंट सोडून नुसत्या तांब्याचा रेझिस्टन्स मोजतो. लाइनवर मात्र एसी आहे, सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारा. कॉइल अशा बदलत्या करंटला तांब्यापलीकडे जाऊन अडवते. रोटर फिरायला लागला की वायंडिंगमध्ये पुरवठ्याच्या विरुद्ध व्होल्टेज उभं राहतं, तेही जवळपास पुरवठ्याइतकंच. आत येणाऱ्या बैलगाडीला आतून कुणी तितक्याच जोराने रेटावं तसं. उरलेल्या थोड्या फरकावर करंट वाहतो. म्हणून एक एचपीची सिंगल फेज मोटर ८८ ऐवजी सहा-साडेसहा अँपिअर घेते.

रोटर अडकला, समजा इंपेलरमध्ये खडा गेला किंवा बेअरिंग जाम झालं, की हा उलटा रेटा ढासळतो आणि करंट पाच-सहापट होतो. सुरू होतानाही क्षणभर तेच घडतं.

मग २.६ ओमांचा उपयोग काय? त्यातून वायंडिंग किती तापतंय ते निघतं. ६.५ × ६.५ × २.६ = सुमारे ११० वॅट. मोटर खाते त्यातले एवढे तांब्यात नुसती उष्णता म्हणून जातात, आणि हाच आकडा पुढच्या प्रश्नात घात करतो.

१२. व्होल्टेज कमी झालं की गिझर कमी करंट घेतो, मग मोटर जास्त का घेते?

गिझरला दिलेलं काम नाही. जेवढं मिळेल तेवढं तो तापतो. मोटरला काम बांधून दिलेलं आहे: अमुक उंचीवर अमुक पाणी चढवायचं. व्होल्टेज कमी पडलं तरी तिला जवळपास तेवढीच पॉवर लागते, मग ती कसर अँपिअरने भरून काढते.

५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टला साडेसात अँपिअर घेते असं धरू. व्होल्टेज ३४० वर आलं की करंट ९.२ च्या घरात जातो. वाढ फक्त १.७ अँपिअरची, काही विशेष वाटत नाही. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: (९.२ ÷ ७.५) चा वर्ग म्हणजे १.५. वायंडिंगमध्ये दीडपट उष्णता.

आता चित्र बघा. एप्रिल-मे, केळीला पाण्याचा खंड चालत नाही. रात्री लाइट येते आणि डीपीवरच्या (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी ऑटो स्टार्टरवर एकदम उठतात. ओव्हरलोड रिले (करंट ठरल्यापेक्षा वाढला की मोटर बंद करणारा) वारंवार पाडतो म्हणून कुणीतरी त्याचा काटा साडेसातवरून अकरावर फिरवून ठेवलेला. सकाळी ट्रॉलीत मोटर घालून दारात हजर: ‘मोटर जयी गई भो’ (मोटर जळून गेली भाऊ). खोलून बघतो तर तिन्ही फेजची वायंडिंग सारखीच काळी आणि व्हार्निशचा तो करपट वास. तिन्ही सारख्या जळाल्या तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. दोन जळून एक किंवा एक जळून दोन कोऱ्या राहिल्या तर सहसा एक फेज गेलेला असतो. रिलेचा काटा प्लेटवरच्या अँपिअरवर ठेवा. तो पडतो तेव्हा तुमचे हजारो रुपये वाचवत असतो.

१३. थ्री फेज मोटरचे वॅट कसे काढायचे? तीनने गुणायचं का?

दोन फेजमधलं व्होल्टेज धरत असाल तर तीनने नाही, १.७३२ ने. वर पॉवर फॅक्टर.

वॅट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

मोजलं ४०० व्होल्ट, ७.४ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८ धरला: १.७३२ × ४०० × ७.४ × ०.८ = सुमारे ४,१०० वॅट. आठ तास चालली तर जवळपास ३३ युनिट. फेज ते न्यूट्रल २३१ व्होल्ट घेऊन तीनने गुणलं तरी तेच येतं. चूक होते ती ४०० घेऊन तीनने गुणण्यात.

‘५ एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३,७३० वॅट ना?’ असं लगेच विचारलं जातं. ते शाफ्टवर मिळणारे. मोटर ८० टक्के कार्यक्षम असली तर पूर्ण लोडला लाइनमधून ४,६६० च्या आसपास ओढेल. वरची मोटर ४,१०० च ओढतेय, म्हणजे पंप तिला पूर्ण लोड देत नाही.

पॉवर फॅक्टर ०.८ का धरायचा? मोटर लोहचुंबक तयार करायला जो करंट घेते आणि परत देते, तो अँपिअरमध्ये दिसतो पण काम करत नाही. रिकामी फिरणारी मोटर तर ०.२-०.३ वर असते. तिथे ०.८ धरून काढलेले वॅट निव्वळ थाप. स्टार्टरजवळ कंडेन्सर बसवला की लाइनचा करंट घटतो, डीपीला आराम मिळतो, पण मोटरच्या आतलं वायंडिंग तेवढंच तापतं.

१४. सबमर्सिबलच्या तीन वायरींमध्ये मीटर लावला, तिन्हीकडे ४.२ ओम. कॉइल किती ओमची?

जोडणीवर अवलंबून. स्टारमध्ये दोन टोकांत दोन कॉइल एकापुढे एक येतात, म्हणून एक कॉइल २.१ ओम. डेल्टामध्ये एक कॉइल आणि तिला समांतर उरलेल्या दोन, म्हणून वाचन कॉइलच्या दोन-तृतीयांश. म्हणजे कॉइल ६.३ ओम.

पण थांबा, यात केबल आहे. आपल्या पट्ट्यात बोअर खोल गेले आहेत. ४०० फूट, म्हणजे १२० मीटर केबल धरा, ४ चौरस मिलिमीटर तांबं. तांब्याचा एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाड तुकडा सुमारे ०.०१७२ ओमचा असतो. ०.०१७२ × १२० ÷ ४ = ०.५२ ओम एका वायरीचा, आणि मोजताना दोन वायरी येतात. एक ओमाहून थोडा जास्त केबलचाच गेला. उरले ३.२ ओम, त्यावर वरचा हिशेब करा.

खरं सांगायचं तर मोटर बरी आहे का हे बघायला आकड्यापेक्षा तिन्ही वाचनं सारखी आहेत का हे महत्त्वाचं. एक वेगळं आलं की शंका घ्या. तिन्ही सारखी असूनही अर्थिंगला करंट जात असू शकतो. ते मल्टिमीटर सांगणार नाही, त्याला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लागतो.

१५. घरापासून खळ्यापर्यंत १५० मीटर वायर टाकायची आहे. किती जाडीची घेऊ?

सिंगल फेजला जायची आणि यायची धरून वायर ३०० मीटर होते, हे आधी लिहून ठेवा. निम्मे लोक इथेच चुकतात. लोड १० अँपिअर स्थिर धरू.

अडीच चौरस मिलिमीटर तांबं: ०.०१७२ × ३०० ÷ २.५ = २.०६ ओम. १० अँपिअरला २०.६ व्होल्ट वाटेत गळाले आणि १० × १० × २.०६ = २०६ वॅट वायर तापवण्यात गेले. खळ्यावर पोचतात २०९ व्होल्ट. तेवढ्याच जाडीचं ॲल्युमिनियम घेतलं तर ३.३६ ओम, गळती जवळपास ३४ व्होल्ट. सहा चौरस मिलिमीटर तांबं घेतलं तर ०.८६ ओम, साडेआठ व्होल्टची गळती. मी सहाच सांगेन. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. वरचे आकडे २० अंशांचे आहेत. मे महिन्यात उन्हात पडलेली वायर ६० अंशांवर गेली की तेच २.०६ चे २.४ ओम होतात.

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राची वीज ४०० केव्हीवर (चार लाख व्होल्टवर) का पाठवतात, तेही इथेच कळतं. ५०० मेगावॅटच्या एका संचाला त्या व्होल्टेजला ७२० अँपिअरच्या आसपास पुरतात. तीच वीज ४१५ व्होल्टवर पाठवायची म्हटली तर जवळपास सात लाख अँपिअर, आणि गळती त्याच्या वर्गाने.

१६. सोलर पॅनेलवर ४६ व्होल्ट, ९.५ अँपिअर लिहिलंय. गुणाकार ४३७, मग पॅनेल ३३५ वॅटचं कसं?

ते ४६ व्होल्ट वायर मोकळी असतानाचे, तेव्हा करंट शून्य. ९.५ अँपिअर दोन्ही टोकं शॉर्ट केल्यावरचे, तेव्हा व्होल्टेज शून्य. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत (प्रश्न १ मधली अट आठवा). त्याच लेबलवर खाली जास्तीत जास्त पॉवरचे आकडे असतात, समजा ३८ आणि ८.८. त्यांचा गुणाकार ३३४.

सौर कृषी पंप घेतलेले विचारतात की मे महिन्यात एवढं ऊन असून पाणी कमी का. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको. प्लेटवरचे वॅट पॅनेल २५ अंशांवर असतानाचे आहेत आणि त्यापुढे अंशामागे सुमारे ०.४ टक्के पॉवर घटते. दुपारी काच ६५ अंशांवर गेली की १६ टक्के गेले, ३३५ चे उरले २८० च्या आसपास. त्यावर धूळ बसली असेल तर आणखी कमी. सकाळी लवकर पुसा, तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका.

१७. ट्रॅक्टरची बॅटरी शेकडो अँपिअर देते तरी हात लावला की झटका बसत नाही, आणि घरातला १० अँपिअरचा प्लग माणूस मारतो. असं कसं?

बॅटरी ‘देऊ शकते’ आणि तुमच्यातून ‘वाहतो’ हे दोन वेगळे आकडे. वाहणारा करंट व्होल्ट भागिले तुमचा रेझिस्टन्स. कोरड्या हाताचा धरू २०,००० ओम: १२ ÷ २०,००० = ०.६ मिलिअँपिअर, जाणवतही नाही. रात्री ओल्या वाफ्यात अनवाणी उभं राहून स्टार्टरला हात लावला तर शरीराचा रेझिस्टन्स हजार ओमांपर्यंत उतरतो. २३० ÷ १,००० = २३० मिलिअँपिअर. जीव वाचवणारी आरसीसीबी (करंट जमिनीत गळाला की लाइन तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला पडायला बनवलेली असते, त्यावरून अंदाज घ्या.

याचा अर्थ बॅटरी गरीब गाय आहे असा नाही. तिचा आतला रेझिस्टन्स धरा ०.०२ ओम. दोन टोकांमध्ये पान्हा आडवा पडला तर १२ ÷ ०.०२ = ६०० अँपिअर. आमच्याच दुकानात एका पोराच्या बोटातली अंगठी पान्हा आणि बॅटरीच्या पट्टीमध्ये सापडली होती. झटका अजिबात बसला नाही, पण अंगठी लाल झाली आणि बोटावर तिचा गोल डाग कायमचा राहिला. बॅटरी काढताना आधी निगेटिव्हची पट्टी सोडवायची, बसवताना ती शेवटी जोडायची, आणि अंगठी-कडं आधी खिशात.